सीईपीसाठी गावात जाताना : पहिल्या पत्रापासून ग्रामसभेपर्यंत

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांची जी नवी रचना झाली, तिच्यामुळे क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग प्रकल्प हे विषय आता कला, वाणिज्य आणि विज्ञान अशा तिन्ही शाखांच्या वेळापत्रकात आले आहेत. कॉलेजात त्यांना ‘फील्ड प्रोजेक्ट’ आणि ‘कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट’ यांवरून एफपी आणि सीईपी याच नावांनी ओळखतात. पूर्वी गावात जाणे हे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला नाव देणाऱ्यांपुरते होते. आता श्रेयांक (क्रेडिट) जोडले गेल्यामुळे ते सर्वांनाच करावे लागते. मात्र गावात पोहोचल्यावर नेमके काय करायचे, हे सांगणारा माणूस सहसा भेटत नाही. मी विद्यार्थी म्हणून या कामातून गेलो आहे आणि नंतर धाकट्या तुकड्यांबरोबरही फिरलो आहे, त्या अनुभवावरून हा क्रम मांडत आहे.

उदाहरण म्हणून मी एका गावाच्या नळपाणी योजनेचा अभ्यास घेतला आहे. पाणी हा विषय घराघराला भिडतो, बादली आणि मोबाइल एवढ्यावर त्याचे बरेच मोजमाप होते आणि सरकारने त्याचे निकष लिहून ठेवलेले असल्यामुळे तुमच्या आकड्यांची तुलना कशाशी करायची हा प्रश्न उरत नाही. मुंबईच्या आयआयटीतील ग्रामीण क्षेत्रासाठीचे पर्यायी तंत्रज्ञान केंद्र, म्हणजेच सितारा, विद्यार्थ्यांना अशाच प्रश्नांवर गावांत पाठवत आले आहे. केंद्राच्या ‘उन्नत भारत अभियाना’ची आणि राज्याच्या ‘उन्नत महाराष्ट्र अभियाना’ची कल्पनाही हीच आहे की जिल्ह्यातल्या प्रश्नांवर जिल्ह्यातल्याच महाविद्यालयांनी काम करावे. तुमचा विषय अंगणवाडीचा, ओल्या कचऱ्याचा किंवा बचत गटाच्या हिशेबाचा असला, तरी पुढच्या पायऱ्या फारशा बदलत नाहीत.

१. आधी परिपत्रक वाचा

सर्वसाधारण नियम असा आहे की क्षेत्रकार्याच्या एका श्रेयांकासाठी सत्रात किमान ३० तासांचे काम अपेक्षित असते. म्हणजे दोन श्रेयांकांचा प्रकल्प असेल तर ६० तास. त्यात प्रवास धरायचा की नाही, गट किती जणांचा, नोंदवहीवर सही कोणाची चालते आणि अहवाल मराठीत चालतो का, या गोष्टी प्रत्येक विद्यापीठात आणि कित्येकदा प्रत्येक विभागात वेगळ्या असतात. म्हणून विभागाचे परिपत्रक छापून घ्या आणि या चार प्रश्नांची उत्तरे मार्गदर्शक शिक्षकांकडून पहिल्याच आठवड्यात लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर घेतली तरी चालतील. सत्राच्या शेवटी तासांच्या हिशेबावरून होणारे वाद बहुतेक वेळा इथेच टळतात.

२. भागीदार आधी, विषय नंतर

बहुतेक गट नेमके उलट करतात. वर्गात बसून ‘जलसाक्षरता’, ‘प्लास्टिकमुक्ती’ असा विषय ठरतो, मग तो कुठे बसेल असे गाव शोधले जाते, आणि गावात गेल्यावर कळते की तिथल्या लोकांची अडचण निराळीच आहे. तुम्ही जनजागृतीचे पथनाट्य घेऊन जाता आणि समोर बसलेल्या बायका मनात म्हणत असतात, पाणी जपून वापरायचे ते कळते हो, पण आधी नळाला येऊ तर दे. अशा कार्यक्रमाचे फोटो छान येतात. गावाच्या हाती मात्र काही लागत नाही.

म्हणून आधी भागीदार निवडा. ग्रामपंचायत, तिची पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, महिला ग्रामसंघ, शाळा व्यवस्थापन समिती, प्राथमिक आरोग्य केंद्र, त्या भागात आधीपासून काम करणारी संस्था यांपैकी कोणीही चालेल. शहरात असाल तर गृहनिर्माण संस्था, वस्तीतले मंडळ किंवा कष्टकऱ्यांची संघटना. पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ पासून उभी आहे आणि कचऱ्याच्या प्रश्नाचे तिला असलेले ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक आहे. भागीदार निवडताना तीन गोष्टी पाहा: कॉलेजपासून एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते का, तिथे तुमचा फोन उचलणारी किमान एक व्यक्ती आहे का, आणि तुमच्या निष्कर्षावर काही करण्याचा अधिकार किंवा इच्छा त्या भागीदाराकडे आहे का. तिसरी अट पूर्ण होत नसेल, तर पहिल्या दोन असूनही उपयोग नाही.

पहिल्या बैठकीत विचारायचा प्रश्न साधा असावा: ‘तुम्हाला कोणती माहिती हाताशी असती तर काम सोपे झाले असते?’ ‘तुमच्या समस्या सांगा’ असे म्हटले की रस्त्यापासून स्मशानभूमीपर्यंत यादी सुरू होते आणि ती ऐकून तुम्हीही हबकता. माहिती विचारली की उत्तर नेमके येते: वरच्या आळीला पाणी चढत नाही, पण ते पंपामुळे, पाइपमुळे की मधल्या जोडण्यांमुळे ते आम्हाला सांगता येत नाही. हा तुमचा विषय झाला, आणि तो ६० तासांत पेलण्याजोगा आहे.

३. पत्र, पोच आणि आवक क्रमांक

सरपंचांशी फोनवर बोलणे झाले म्हणजे परवानगी मिळाली असे समजू नका. कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीने, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या नावे एक पत्र तयार करा. पूर्वीच्या ग्रामसेवकांचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे. गावात मात्र अजूनही ‘भाऊसाहेब’ विचारल्यावरच पत्ता लागतो. पत्रात विद्यार्थ्यांची नावे, कामाचा कालावधी, कोणती माहिती हवी, ती कशासाठी वापरली जाईल आणि अखेरीस ग्रामपंचायतीला काय मिळेल, हे स्पष्ट लिहा. पत्र एका पानापेक्षा मोठे नको.

त्याच्या दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेऊन ती आपल्याकडे ठेवा. ही पोच पुढे तालुक्याला पंचायत समितीत किंवा जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागात गेल्यावर ओळखपत्रासारखी कामी येते. लक्षात ठेवा, ग्रामपंचायतीची परवानगी शाळेला आणि अंगणवाडीला लागू होत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांशी बोलायचे असेल तर मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकारी, अंगणवाडीसाठी बालविकास प्रकल्प अधिकारी, यांची वेगळी परवानगी घ्यावी लागते.

एक इशारा. माहिती मिळायला उशीर झाला की गटातला एखादा उत्साही विद्यार्थी ‘माहिती अधिकार टाकू या’ असे सुचवतो. २००५ चा तो कायदा मोलाचा आहे आणि नागरिक म्हणून तुमचा हक्कही आहे, पण ज्यांच्यासोबत काम करायचे त्यांच्याच टेबलावर पहिल्या महिन्यात अर्ज ठेवला, तर पुढे कोणी पाण्याच्या टाकीची किल्लीसुद्धा देणार नाही. आधी चहाला बसा.

४. बरोबर काय घ्यावे

कागदपत्रे: कॉलेजचे पत्र व त्याची पोच, ओळखपत्र, पालकांचे संमतिपत्र, विमा असल्यास त्याची प्रत, तासांची नोंदवही, आणि प्रत्येक घरी वाचून दाखवायचे चार ओळींचे संमती-निवेदन.

ग्रामपंचायतीकडून पाहायला मागायचे: गावनकाशा, योजनेचा आराखडा किंवा अंदाजपत्रक, नमुना नंबर ८ म्हणजे करआकारणी नोंदवही आणि नमुना नंबर ९ म्हणजे मागणी नोंदवही, पंपाची वीजबिले, टीसीएल पावडरीचा (पाणी निर्जंतुक करायच्या ब्लीचिंग पावडरीचा) साठा व वापर यांची नोंद, आणि मागील पाणी तपासणीचे अहवाल. आकारणी नोंदवहीतून घरांची संख्या व आळीनिहाय क्रम मिळतो, म्हणजे घरे निवडताना अंदाजाने जावे लागत नाही. या नोंदवह्यांतली नावे व थकबाकी मात्र तुमच्या अहवालात कधीही येता कामा नयेत.

साधने: लिटरच्या खुणा असलेली १५ लिटरची बादली, ३० मीटरची टेप, लांब दोरीला बांधलेले वजन, लिहिताना कागदाखाली धरायला पॅड, आणि मोबाइल. नकाशासाठी क्यूजीआयएस आणि घरोघरीच्या नोंदींसाठी ओडीके कलेक्ट ही दोन्ही साधने मोफत आहेत. ओडीके नेटवर्क नसतानाही चालते, त्यामुळे गूगल फॉर्मपेक्षा ते बरे. डबा आणि पाणी आपले आपण न्यावे. लोक जेवायला बोलावतात आणि एखाद्या दिवशी जरूर बसावे, पण सहा जणांचा गट रोज कोणाच्या तरी घरी जेवणे हे त्या घरच्या बाईला किती पडते, याचा विचार असू द्या.

५. गावाचे वेळापत्रक पाहा

विद्यापीठाचे सत्र आणि गावाचे वर्ष यांचा मेळ आपोआप बसत नाही. भाताच्या पट्ट्यात जुलैमध्ये लावणी चालू असते आणि दुपारी घरे बंद असतात. मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांच्या गावांत दसरा-दिवाळीनंतर निम्मे घर फडावर गेलेले असते. तेव्हा केलेल्या पाहणीत म्हातारी माणसे आणि शाळकरी मुलेच भेटतात. चैत्रात जत्रा, मार्चअखेर कार्यालयात मान वर करायला सवड नाही, निवडणुकीची आचारसंहिता लागली तर सभा आणि नवे निर्णय थांबलेले. पाण्याचा अभ्यास करायचा तर जानेवारी ते मे हे सत्र सोयीचे, कारण टंचाई प्रत्यक्ष दिसते. ऑगस्टमध्ये ओसंडणारी विहीर पाहून काढलेला निष्कर्ष एप्रिलमध्ये टिकत नाही.

६. योजना पायी पाहा

प्रश्नावली तयार करण्याआधी स्रोतापासून शेवटच्या नळापर्यंत संपूर्ण योजना पायी फिरा. या फेरीत तुमचा खरा शिक्षक म्हणजे पाणी सोडणारा कर्मचारी. कोणता व्हॉल्व्ह किती फेरे उघडायचा, कोणत्या आळीची तक्रार कधी येते, पाइप कुठे फुटतो, हे सर्व त्याच्या डोक्यात असते आणि बहुतेक ठिकाणी ते कोणीही कागदावर उतरवलेले नसते. त्याच्या पहाटेच्या फेरीला त्याच्याबरोबर चला, तो बोलत असेल तेव्हा अडवू नका, आणि परत आल्यावर नकाशा काढून त्यालाच दाखवा. तो हसून ‘इथं टी चुकलाय’ (टी म्हणजे पाइपला फाटा काढणारा जोड) म्हणाला की समजावे, नकाशा दुरुस्त होऊ लागला.

या फेरीत विहीर किंवा बोअर, पंपाची अश्वशक्ती, पंपाला वीज मिळण्याचे तास, उंच टाकी, मुख्य वाहिनी, प्रत्येक व्हॉल्व्ह, सार्वजनिक नळ आणि जिथे नळच पोहोचला नाही अशा वाड्या, यांची ठिकाणे जीपीएसने टिपा. वाड्या-पाड्या आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्या यांचा उल्लेख कोणी आपणहून करीलच असे नाही. ‘गावात सगळीकडे पाणी आहे’ या वाक्यातला ‘गाव’ म्हणजे किती घरे, ते दर वेळी विचारा. कातकरीवाडी, ठाकरवाडी किंवा दलितवस्ती वाहिनीच्या टोकाला असेल तर तिथे स्वतः जा. कोणी दमून ‘ते राहू द्या आता’ म्हणाले तरी जा.

७. मोजमाप

जलजीवन मिशन ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाले आणि त्यात दर माणशी दर दिवशी ५५ लिटर हा निकष आहे. तुमच्या गावात तो पाळला जातो का, हे शोधण्यासाठी पुढीलप्रमाणे जा.

आधी टाकी. गोल टाकीचा आतला व्यास आणि पाण्याची उंची घेतली की क्षमता निघते. व्यास ५ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल तर सुमारे ५९ घनमीटर, म्हणजे ५९,००० लिटर. आता खालचा व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप चालू करायला सांगा आणि एका तासात पातळी किती चढली ते दोरीने मोजा. याच टाकीत ती ३० सेंटिमीटर चढली, तर पंप तासाला सुमारे ५,९०० लिटर देतो. पंपावरच्या पाटीवर काहीही लिहिलेले असो, तुमच्या कामाचा आकडा हा. टाकीवर चढायचे काम मात्र तुमचे नाही. जुन्या टाक्यांच्या शिड्या गंजलेल्या असतात. ते कर्मचाऱ्याला करू द्या, तेही त्याच्या रोजच्या कामाचा भाग असेल तर, नाहीतर बाहेरच्या पातळीदर्शकावर भागवा.

मग नळ. टाकीजवळची, मधली आणि टोकाची, अशी घरे निवडा आणि पाणी सुटल्यावर बादली भरायला लागणारा वेळ मोजा. समजा, टाकीजवळच्या घरी १५ लिटरची बादली ७५ सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला १२ लिटर, आणि पाणी पाऊण तास येत असेल तर ५४० लिटर. घरात सहा माणसे असतील तर दर माणशी ९० लिटर. त्याच वेळी टोकाच्या घरी तीच बादली भरायला पाच मिनिटे लागली, तर मिनिटाला ३ लिटर, पाऊण तासात १३५ लिटर, आणि सहा माणसांत दर माणशी साडेबावीस लिटर. आता या दोन घरांची सरासरी काढा: ५६ लिटरच्या थोडी वर. कागदावर गाव निकषात बसले, आणि टोकाची बाई हंडा घेऊन विहिरीवर गेली. म्हणून अहवालात सरासरी एकटी कधीही देऊ नका. घरांचे आकडे नकाशावर ठेवा. माझ्या मते या प्रकारच्या प्रकल्पातून विद्यार्थी शिकू शकेल अशी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे, आणि ती संख्याशास्त्राच्या तासाला इतकी ठसत नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. पाणी एक दिवसाआड येत असेल तर आकडा निम्मा करायला विसरू नका. आणि नळाला थेट मोटर लावलेली घरे आहेत का ते पाहा. एका घराने ओढलेले पाणी पुढच्या चार घरांचे असते. मोटरवाल्याचे नाव नोंदवू नका, आळीत अशा किती जोडण्या दिसल्या एवढेच लिहा, नाहीतर तुमचा अहवाल भांडणाचा कागद होईल आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला त्या आळीत कोणी उभे करणार नाही.

८. घरोघरी बोलताना

वही-पेन घेऊन अनोळखी मुले-मुली दारात आली की लोक समजतात, घरकुलाची किंवा कसल्या तरी अनुदानाची यादी चालू आहे. मग माणसे त्या हिशेबाने उत्तरे देतात आणि नंतर वर्षभर ‘आमचं नाव आलं का’ म्हणून विचारत राहतात. त्यामुळे पहिले वाक्य ठरलेले असावे: आम्ही अमुक कॉलेजचे विद्यार्थी आहोत, ही सरकारी यादी नाही, यातून कोणालाही लाभ मिळणार नाही किंवा कोणाचा बंदही होणार नाही, आणि तुम्हाला नको असेल तर आम्ही पुढे जातो. आधार क्रमांक, उत्पन्न, जात यांपैकी तुमच्या प्रश्नाला जे लागत नाही ते विचारूच नये. फोटो विचारून घ्यावा; मुलांचा तर आई-वडिलांच्या परवानगीशिवाय नकोच.

प्रश्न दहा-बारा पुरेत. पाणी कोण भरते, किती वाजता येते, किती वेळ टिकते, आले नाही तर कुठून आणता, पिण्याचे आणि वापरायचे वेगळे ठेवता का, पाणीपट्टी किती आणि भरता का, नसल्यास का नाही. यातले पहिले चार प्रश्न घरातल्या बाईला विचारायचे, कारण पाणी तीच भरते. पुरुष ओट्यावर बसून ‘येतं की रोज’ म्हणतात आणि आतून आवाज येतो, ‘परवापासून कुठं आलंय?’ म्हणून गटात मुली असणे आणि त्यांना आत जाऊन बोलायला वेळ देणे आवश्यक आहे. सरपंच किंवा सदस्य घरे दाखवायला सोबत आले तर पहिल्या दिवशी जरूर येऊ द्या, मोजणीच्या दिवशी मात्र नम्रपणे एकटे जा.

९. पाणी शुद्ध आहे का

याची पहिली तपासणी गावातच होते. जलसुरक्षक, म्हणजे गावातल्या पाण्याच्या शुद्धतेचे काम पाहणारा माणूस, पाण्यात टीसीएल पावडर टाकतो आणि ओटी चाचणीने क्लोरीन पाहतो: नळीत पाणी घ्यायचे, द्रावणाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. टोकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेला क्लोरीन असावा, असे पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक १०५०० सांगते. टाकीजवळ गडद पिवळा आणि टोकाला बिनरंगी आले तर दोन गोष्टी तपासा. एक, वाहिनीत कुठे गळती आहे का, विशेषतः गटाराच्या जवळून जाताना. दोन, पावडरीचे पोते. ताज्या पावडरीत क्लोरीन साधारण एक तृतीयांश असतो. तोंड उघडे टाकलेल्या आणि ओल धरलेल्या पोत्यातून तो उडून जातो, त्यामुळे मोजून टाकलेली पावडरही कमी पडते.

जंतूंची तपासणी मात्र प्रयोगशाळेचे काम आहे. बाटली त्यांच्याकडूनच घ्या, कारण ती निर्जंतुक केलेली असते. ती विसळायची नाही, आतून हात लावायचा नाही, नळ थोडा वेळ वाहू देऊन मगच भरायची आणि थंड ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवायची. शेवटची एसटी चुकली तर नमुना फुकट जातो, एवढे वेळापत्रकात धरा. रासायनिक घटकांत नायट्रेटकडे लक्ष द्या. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि पर्यायी स्रोत नाही म्हणून त्यात सवलत मिळत नाही. आणखी एक: अहवाल वाईट आला तर तो आधी ग्रामपंचायत आणि आरोग्य केंद्राला कळवा. इन्स्टाग्रामवर नव्हे.

१०. दोन वेगळे कागद तयार करा

कॉलेजला द्यायचा अहवाल आणि गावाला द्यायचा कागद हे एक असू शकत नाहीत. पहिल्यात उद्दिष्टे, पद्धती, तक्ते, मर्यादा, छायाचित्रे असतील आणि तो चाळीस पानांचा होईल. ते ठीक आहे, गुण त्याचे आहेत. दुसरा दोन पानांचा, मराठीत, मोठ्या अक्षरात असावा. त्यात एक नकाशा, तीन-चार निष्कर्ष, आणि प्रत्येक निष्कर्षापुढे काय करता येईल, अंदाजे खर्च किती आणि तो कोणत्या निधीतून होऊ शकेल, एवढेच. ‘वितरण व्यवस्थेत विषमता आढळते’ असे न लिहिता ‘मारुतीच्या देवळापुढच्या व्हॉल्व्हनंतर पाणी निम्म्याहून कमी होते’ असे लिहा.

निधीचा रकाना सगळ्यांत कठीण वाटतो आणि बहुतेक गट तो सोडून देतात. पण व्हॉल्व्ह बदलणे किंवा पाणी सोडण्याचा क्रम उलटा करणे यांना फारसा पैसाच लागत नाही, तिथे तसे लिहा. जिथे लागतो तिथे ग्रामपंचायत विकास आराखडा पाहा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या निधीत पाणी व स्वच्छतेसाठी ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे त्याच कामांसाठी राखून, ठेवलेली होती. असा बंधित निधी सध्या कोणता आहे आणि किती शिल्लक आहे, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारूनच आकडा टाका. अभियांत्रिकीचा अंदाज तुमच्या आवाक्याबाहेरचा असेल, तर पंचायत समितीतल्या शाखा अभियंत्यांकडून तपासून घ्या.

११. सभेत मांडणी

ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या येतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी अशी तरतूद आहे. पाण्याचा विषय तिथे आधी मांडला, तर दुसऱ्या दिवशी तो तुम्हाला मांडावा लागत नाही, बायकाच मांडतात. विषय कार्यक्रमपत्रिकेवर यावा म्हणून किमान पंधरा दिवस आधी पत्र द्या, ‘ऐन वेळचे विषय’ यात तो ढकलला जाऊ देऊ नका. गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ती न झाल्यास सभा तहकूब होते, तेव्हा परतीची तयारी ठेवून जा.

मांडणी दहा मिनिटांत संपवा. प्रोजेक्टर आणि स्लाइड यांच्यामागे लागू नका, दिवसा मंडपात काही दिसत नाही. मोठ्या फ्लेक्सवर छापलेला नकाशा भिंतीला लावा आणि बाजूला उभे राहा. लोक उठून आपापले घर शोधतात आणि खरी चर्चा तिथे सुरू होते. कोणी आकडा खोटा ठरवला तर वाद घालू नका, उद्या पाणी सुटल्यावर त्यांच्याच नळावर बादली लावण्याची तयारी दाखवा. खर्चाचा प्रत्यक्ष निर्णय बहुधा मासिक सभेत होतो, म्हणून दोन पानांच्या कागदाची प्रत तिथेही आवक क्रमांकासह द्या.

१२. निघताना

सत्र संपले की गट पांगतो आणि सगळी माहिती कोणाच्या तरी लॅपटॉपमध्ये अडकते. त्यामुळे गुणपत्रिका येण्याआधीच तीन कामे उरका. नकाशाची मूळ फाइल आणि व्यक्तींची नावे काढलेला मोजणीचा तक्ता पेनड्राइव्हवर ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकाला द्या व तो त्यांच्या संगणकावर उघडतो की नाही ते समोर पाहा. तीच फाइल विभागाच्या ड्राइव्हवर ठेवा आणि तिच्याबरोबर एका पानावर लिहून ठेवा की कोणती घरे मोजली, कोणत्या महिन्यात, पाणी रोज येत होते की आड दिवसाने, आणि कोणते काम अर्धे राहिले. तिसरे, भागीदाराकडून काम झाल्याचे पत्र घेताना त्यांना पुढच्या वर्षी कोणती माहिती हवी आहे ते त्याच पत्रात लिहून मागा. पुढच्या तुकडीला विषय शोधायला वर्गात बसावे लागणार नाही. आणि पाणी सोडणाऱ्या त्या कर्मचाऱ्याला नकाशाची लॅमिनेट केलेली एक प्रत पंपघरात लावायला द्या, त्याच्या दुरुस्त्यांसकट.